मधला खांब

ऐंशीच्या दशकात नाशिकच्या एका रुग्णालयात मी हाडांच्या विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून उमेदवारी करत होतो. काम प्लॅस्टर भिजवण्याचं, पण मतं माझ्याकडे भरपूर होती. त्यातलं सगळ्यात ताजं मत एका परदेशी मासिकातून उचललेलं होतं. पाठीच्या कण्याला तीन खांब धरावेत, पुढचा, मधला आणि मागचा, असं त्यात म्हटलं होतं. नुसता पुढचा खचला तर दुखापत साधी. मधलाही गेला तर कणा डळमळीत, आणि आतल्या मज्जारज्जूला धोका. जुन्या वर्गवारीत दोनच खांब होते. हा तिसरा मी स्वतः रोवल्यासारखा मिरवत असे.

आमचे सर हसत. "दोन खांबांवर माझी निम्मी हयात गेली. तू आता मांडव घालणार का?" तेव्हापासून ते मला मांडववाले म्हणू लागले.

चैत्रात पेठकडचा एक शेतकरी आला. नागलीचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, त्या राबासाठी फांद्या तोडताना तो झाडावरून बुडावर आदळला होता. त्या दिवसांत असे दोन-तीन जण यायचेच. कंबर ठणकत होती, पाय हलत होते. मी कडेने काढलेला एक्स-रे उजेडाला धरला, मणक्याची पुढची कड खचलेली पाहिली आणि केसपेपरवर वळणदार अक्षरात लिहिलं : फक्त पुढचा खांब, स्थिर.

"जास्ती हाय का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"छे! पहिला प्रकार. अगदी किरकोळ. उद्या उठून बसतील."

आता किरकोळ पाठदुखीवर आपल्याकडे एक हुकमी इलाज आहे, पायाळू माणसाची लाथ. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याचा पाय पाठीला लागला की उसण पळते. लहानपणी मीही चुलतबहिणीची लाथ खाल्ली आहे. गुण आला होता, पण हे सरांना कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी राउंडला सर पुढे, मी मागे. बघतो तर रुग्ण खाटेवर पालथा, आणि त्याची धिप्पाड बहीण चप्पल काढून, एक पाय उचलून उभी.

"बाई, पाय खाली घ्या," सर शांतपणे म्हणाले.

"मी पायाळू हाय. तुमच्याच डॉक्टरनं सांगितलं, किरकोळ हाय म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चौघांनी मिळून रुग्णाला न वाकवता उताणा केला. मग सरांनी समोरून काढलेला एक्स-रे मागितला. तो मी पाकिटातून काढलाही नव्हता. त्यांनी तो खिडकीशी धरला.

"प्रत्येक मणक्याला दोन डोळे दिसतात ना? वरच्याचे बघ, खालच्याचे बघ. आता याचे."

त्या मणक्याचे डोळे एकमेकांपासून लांब गेले होते. मणका फुटून पसरला होता.

"मांडववाले, तीन खांब पाठ केलेत आणि नेमका मधला बघायचा राहिला. आता त्यांच्या घरच्यांना तूच सांग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रुग्णाच्या बायकोला बाजूला घेऊन मी म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे. कणा फुटलाय. हलवलं तर पाय जाऊ शकतात."

ती म्हणाली, "सकाळी चहा पाजायला मी त्यांना बसवलं. तुम्हीच म्हणले होते, बसतील म्हणून. त्याचं काय?"

मी तडक खाटेच्या पायथ्याशी गेलो.

"अंगठा हलवा." हलला. दुसरा? तोही हलला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला. चौथ्यांदा तो वैतागला. "हलतात ना! पाय माझे हायत, मला ठावं नाय का?"

त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली. मला रडू येत होतं, ते तिने पाहिलं असावं, पण दया दाखवली नाही.

"उद्या बी बघा," ती म्हणाली. "परवा बी बघा. नुसत्या तुमच्या सांगण्यावर आता मी राहायची नाय."

तिचं बरोबर होतं. मी रोज बघितलं. काही आठवड्यांनी प्लॅस्टरचं जाकीट घालून तो स्वतःच्या पायांनी घरी निघाला, त्या सकाळीही तिने त्याला दारातून परत खाटेवर निजवलं आणि मला आधी अंगठे बघायला लावले.