तोंड फिरव वं

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. तरी हे लिहितेय... कारण त्या दुपारचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

वडिलांची साताऱ्याहून नागपूरला बदली झाली तेव्हा बारावी नवीनच सुरू झाली होती. सायन्सच्या आमच्या बॅचमध्ये मुली दोघीच — मी आणि उमरेडची कुमुद. तिच्या घरी हातमाग. दोघींनाही मेडिकलच हवं होतं, त्यामुळे मैत्री होती आणि चुरसही.

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं. दिलेलं सॉल्ट ओळखायचं. टेस्टट्यूब कुमुदने धुऊन दिली. मी सॉल्ट टाकलं, तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलं आणि बर्नरवर धरून गॅसचा रंग बघायला वाकले. कुमुद टेबलापलीकडून वाकली होती.

तेवढ्यात माझ्या कानामागे बाईचा आवाज आला, "तोंड फिरव वं."

मी फिरवलं. त्याच क्षणी अ‍ॅसिड उसळलं आणि मागच्या भिंतीवर उडालं. चुना फसफसला. मागे नुसती भिंत... बाई कुठली असणार?

सर म्हणाले, नळी ओली राहिली असणार, पाणी लागलं की हे अ‍ॅसिड उसळतं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. नळी धुतली कुमुदने. आवाज मागून आला, तरी 'वं' म्हणणारी तिथे तीच; मी साताऱ्याची, माझ्या तोंडी 'अगं'. म्हणजे अ‍ॅसिड उसळणार हे तिला आधीच ठाऊक होतं? मुद्दाम पाणी ठेवलं आणि ऐनवेळी घाबरली? मी तिला काही विचारलं नाही. बोलणंच सोडलं. नवल म्हणजे, तिनेही का म्हणून विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी वडिलांना नागपुरातच धंतोलीत एका दवाखान्यात नेलं, तर समोर डॉक्टर म्हणून कुमुद! वडिलांना तपासून झाल्यावर मी शेवटी विचारलंच, "तेव्हा मला सावध का केलंस?"

प्रिस्क्रिप्शन लिहिता लिहिता तिने मान वर केली. "मी? मी तं काहीच बोलली नाही. तूच बोलली ना. 'अगं, तोंड फिरव' — तुझाच आवाज होता. म्हणून तं मीही तोंड फिरवलं अन् वाचली."

मग म्हणाली, "मले वाटे, तूच अ‍ॅसिडात काही टाकलं होतं."

मी तोंड उघडलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. ती खरं बोलत होती का, ते मात्र ठरवता येत नाही. बाहेर पडताना मागे वळून पाहिलं... तीही दारात उभी राहून माझ्याकडे तशाच संशयाने बघत होती.