ती पकड सरांची आहे

वाळूजच्या कामगार मैदानांवर घोट्याच्या एका पकडीला आजही ‘साहेबांची पकड’ म्हणतात. साहेब म्हणजे मी. ती पकड माझी नाही.

ती आमच्या कॉलेजातल्या कबड्डीच्या सरांची. आमच्या समाजाच्या पोरांना शिकता यावं म्हणून उभं राहिलेलं ते कॉलेज. सरांनी उभी नोकरी तिथंच काढली. मैदान मातीचं. सकाळी सर स्वतः खडे वेचायचे, पाणी मारायचे. आम्ही खेड्यांतून आलेले, वसतिगृहात राहणारे, अनवाणी. दुसऱ्या कॉलेजात सामना असला की सर पाण्याचा माठ सोबत न्यायचे आणि पहिला पेला समोरच्या कप्तानापुढं धरायचे. काही जण प्यायचे. काहींना तहान नसायची. मग सर तो पेला आमच्याकडं वळवायचे आणि म्हणायचे, “चला, खेळा.”

पकडीबद्दल त्यांचं सांगणं एकच. “चढाईला आलेल्याच्या डोळ्यात बघू नको, तो डोळ्यानं फसवतो. टाच बघ. परत फिरायच्या आधी टाच उचलते.” तेवढ्या शिकवणीवर आमच्यातले कितीतरी जण पोलिसात गेले, शिक्षक झाले, पंच झाले. मी वाळूजला एका कारखान्यात लागलो.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कॉलेज विचारलं. माझं आडनाव दोन्हीकडं चालणारं, त्यावरून समाज कळायचा नाही. मी दुसऱ्याच कॉलेजचं नाव सांगितलं. पुढं ते खोटं जपावं लागलं. कारखान्याचा संघ माझ्याकडं आला, तेव्हा पकडही माझीच झाली.

निवृत्तीनंतर सर एका सकाळी आमचा सराव बघायला आले. कॉलेजच्या मैदानावर भेटलं की नमस्कार नसायचा, जय भीम असायचा. सरांचा हात वर आला. ते काही म्हणायच्या आत मी घाईनं म्हणालो, “नमस्कार, नमस्कार. बसा.”

वर आलेला हात दुसऱ्या हाताला जोडला गेला. “नमस्कार, साहेब,” सर म्हणाले.

थोडा वेळ ते बसले. कोपऱ्यातल्या खेळाडूची पकड सारखी सुटत होती. सरांना राहवेना. चप्पल काढून, पँट दुमडून ते आत उतरले आणि आमच्या सगळ्यांत दांडग्या गड्याला घोट्याला धरून मातीत बसवलं. मैदानभर हशा.

“आरं तिच्या! ही तर आमच्या साहेबांची पकड,” तो गडी म्हणाला. “तुम्ही कुठनं चोरली, बाबा?”

सर माझ्याकडं वळले. माझ्या डोळ्यांकडं नाही, पायांकडं बघत होते. मी एक पाऊल मागं घेतलं होतं.

“बघून बघून शिकलो,” सर म्हणाले. “तुमचे साहेब लई तयारीचे हायेत.”

सगळे हसले. मीही हसलो. सर चहाला थांबले नाहीत, आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडायलाही गेलो नाही.

गेल्या महिन्यात सर वारले. शोकसभेला कॉलेजनं मला बोलावलं, ते बाहेरचे ज्येष्ठ प्रशिक्षक म्हणून. मी तिथलाच विद्यार्थी, हे तिथल्या तरुण मंडळींना ठाऊक नव्हतं. सरांनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. माइकसमोर मी जय भीम म्हणालो आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. टाळी पडली नाही. पडायला नकोच होती.

सभा संपल्यावर सरांच्या पत्नींजवळ गेलो. “बाई, वाळूजहून आले त्या दिवशी सर काय म्हणाले?”

“म्हणाले, पोराची पकड लई साफ बसलीय.”

“आणखी काय?”

“आणखी काय नाय.”

रविवारी वाळूजच्या खेळाडूंनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि खेळ सुरू केला. लगेच एक घोट्याची पकड बसली आणि रेषेवरून आरोळी आली, “साहेबांची!”

“सरांची!” मी ओरडलो.

“व्हय साहेब, सरांची.”

पुढची बसली तेव्हा पुन्हा तीच आरोळी आली. मीही पुन्हा ओरडलो.