नऊ बुधवारांची वही

माझी धाकटी बहीण विद्यापीठात गणित आणि स्पॅनिश हे दोन विषय जोडून एकच पदवी करत होती. ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, याचं पुढे होतं काय? आईने तर शेजारणींना नुसतं 'गणित' सांगायचं ठरवून टाकलं होतं, कारण स्पॅनिशचं समजावता समजावता तिची दमछाक व्हायची. धाकटीचं उत्तर ठरलेलं होतं. आपण गणितात 'समजा' म्हणतो ना, त्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं एक वेगळंच रूप असतं. जे नाही, पण आहे असं धरून चालायचं, त्याच्यासाठीचं. "ताई, दोन्हीकडे तेच आहे गं. समजा म्हणायचं आणि पुढे निघायचं."

गणित विभाग टेकाडावर, स्पॅनिश विभाग खाली जुन्या वसतिगृहाच्या इमारतीत. मधे वीस मिनिटांची चाल. सोमवारी दहाला दोन्हीकडे तास. कार्यालयातले कारकून तिला 'जोडाक्षर' म्हणायचे. "त्यातलं एक अक्षर अर्धं असतं," ते सांगायचे, "तुझं कुठलं अर्धं, ते तू ठरव बाई." तिला ते नाव आवडायचं. ती घरी येऊन स्वतःच सांगायची.

दुसऱ्या वर्षी स्पॅनिशच्या मॅडमनी एक काम दिलं. गावातल्या एखाद्या स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाला पंधरा आठवडे, दर आठवड्याला तासभर भेटायचं, झालेलं बोलणं त्याच भाषेत वहीत लिहायचं आणि खाली तिथल्या जबाबदार माणसाची सही घ्यायची. धाकटीच्या वाट्याला वृद्धाश्रमातल्या एक आजीबाई आल्या. चाळीस वर्षं त्यांनी हातमोज्यांच्या कारखान्यात शिवणकाम केलं होतं. इथली भाषा त्यांना चांगली येत होती, पण मेंदूला झटका आला आणि ती पुसली गेली. लहानपणची स्पॅनिश तेवढी राहिली. आश्रमात ती कोणालाच कळत नव्हती.

पहिल्या बुधवारी त्या धाकटीला म्हणाल्या, "तू पुस्तकासारखी बोलतेस." दुसऱ्या बुधवारी अस्तर आणि शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान यांचे शब्द शिकवले. चौथ्याला धाकटी उठायला लागली तर हात धरून बसवून ठेवलं. हे सगळं ती मला जेवताना सांगायची, आणि मी चष्म्याच्या दुकानातून दमून आलेली असले तरी ऐकायचे.

सहा बुधवार झाले आणि बीजगणिताच्या चाचणीत ती सपशेल आपटली. पुढची चाचणी गेली तर वर्षच गेलं असतं. त्या बुधवारी ती टेबलाशी बसून उदाहरणं सोडवत राहिली. संध्याकाळी वही पुढ्यात ओढली आणि न झालेली भेट लिहून काढली.

"एवढाच एक आठवडा," ती म्हणाली.

"आणि सही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर वळणदार आहे. दुकानात चष्म्याच्या नंबरांची कार्डं मीच लिहिते. मागच्या पानावरची, आश्रम सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंची सही मी दोनदा रद्दी कागदावर गिरवली आणि तिसऱ्यांदा वहीत केली. नाही म्हणणं मला सहज जमलं असतं. पण पोरगी रात्रंदिवस राबतेय, एवढंच मनात आलं.

मग असे नऊ बुधवार झाले. लिहिता लिहिता ती रंगत गेली. आजीबाईंना तिने बोटीवर काम करणारा नवरा दिला, बंदरावर वाट बघण्याच्या संध्याकाळी दिल्या. 'तो आला असता तर', 'मी गेले असते तर' अशी, भल्याभल्यांची चुकतात ती वाक्यं तिने बिनचूक लिहिली. सही करताना मी त्यातलं एक अक्षरही वाचू शकत नव्हते. छान भरलेलं पान दिसायचं आणि मला कौतुकच वाटायचं.

बीजगणितात ती पास झाली. वही दिली त्याच्या पुढच्या सोमवारी मॅडमनी तिची दोन पानं वर्गात वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "या बाईंना मला भेटायचंय. तू घेऊन चल."

त्या दिवशी घरी येऊन ती चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मॅडमच्या आधी मला जायला हवं." मी दुकानातून सुट्टी काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो.

मेट्रनबाई दारातच भेटल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "आजारी होतीस का गं? आम्हाला तसंच वाटलं." मग चालता चालता सांगत राहिल्या. बुधवार आला की आजीबाई केस विंचरून घ्यायच्या आणि जेवण झाल्यापासून दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, चार वाजेपर्यंत. "आम्ही कॅलेंडर दाखवलं, हाताने नाही नाही केलं, पण समजवायचं कोणत्या भाषेत? पाच-सहा आठवडे बसल्या. मग बसायचं सोडलं, आणि बोलायचंही. आता तहान लागली तरी मागत नाहीत. आपणच पेला पुढे करायचा."

त्यांची आणि माझी नजर एकदा भेटली. मी भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बघायला लागले. खाली त्यांची सही होती, खरीखुरी.

आजीबाई खिडकीशी होत्या. धाकटी त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांनी बराच वेळ तिला न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं. धाकटीने मान हलवली, दोन-तीन वाक्यं बोलली, आणि आजीबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बस्स, एवढंच झालं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"परीक्षा होती का, असं विचारलं."

"मग होती की. हो म्हणायचंस."

"नऊ आठवडे नव्हती, ताई. मी सांगितलं, मी आले नाही. येता आलं असतं, तरी आले नाही."

तिथून ती तडक मॅडमकडे गेली. मी बाहेर बाकावर बसले. दार लोटलेलं होतं, पण बोलणं ऐकू येत होतं. मॅडमनी आधी वही पुन्हा चाळली, पानांचा आवाज आला. मग म्हणाल्या, "लिहिलंस फार चांगलं. म्हणूनच मला जास्त वाईट वाटतंय." आणि थोड्या वेळाने, "ही सही कोणी केली?"

"मीच," धाकटी म्हणाली.

मी उठून दार ढकलायला हवं होतं. दार हाताच्या अंतरावर होतं. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले.

त्या कामात तिला शून्य मिळालं. वर्षभर स्पॅनिश बोलणाऱ्या देशात जाऊन शिकायची जागा गेली. चार वर्षांची पदवी पाच वर्षांची झाली. आईला आम्ही अभ्यासक्रम बदलला असं सांगितलं, म्हणजे त्यातही मी होतेच. पुढे सहा महिन्यांनी मी मॅडमना पत्र लिहिलं की सही माझी होती. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: प्रकरण मिटलं आहे, तुमच्या बहिणीला ते पुन्हा उकरलेलं आवडणार नाही. पत्र वाचून मला हायसं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

धाकटी पुन्हा दर बुधवारी जायला लागली. आता वही नव्हती. आजीबाई बोलत नव्हत्या. चार बुधवार ती नुसती शेजारी बसून गणितं करून आली. पाचव्या बुधवारी स्पॅनिशमध्ये आकडे पुटपुटताना ती अठ्ठावीसवरून एकदम तिसावर गेली. शेजारून आवाज आला, "एकोणतीस." चाळीस वर्षं टाके मोजलेल्या बाईला ते सहन झालं नसावं. धाकटी म्हणाली, "हो, चुकलं." मग दोघींनी मिळून शंभरापर्यंत मोजलं.

हळूहळू त्या बोलत्या झाल्या, पण पहिल्यासारख्या नाही. हात धरून बसवून घेणं पुन्हा कधी झालं नाही. त्यांनी लग्न केलंच नव्हतं, आणि समुद्र त्यांना बिलकूल आवडत नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. "मी त्यांच्या गळ्यात भलत्याच कोणाचं तरी आयुष्य बांधलं," ती मला म्हणाली. माफी मागितलीस का, असं मी विचारलं. म्हणाली, "मागितली. त्यांनी ऐकून घेतली." माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

दीड वर्षाने आजीबाई गेल्या, एका शनिवारी. त्यांच्या मागे कोणी नव्हतं, म्हणून मेट्रनबाईंनी आमच्याकडे फोन केला. त्यांच्या कपाटातल्या वस्तूंवर स्पॅनिशमध्ये चिठ्ठ्या होत्या, त्या वाचायला कोणीतरी हवं होतं. धाकटीने दिवसभर बसून एकेक चिठ्ठी वाचून दिली. नीट कळली नाही तिथे 'कळत नाही' असं लिहून ठेवलं.

आता ती शाळेची गणिताची पुस्तकं स्पॅनिशमधून भाषांतरित करते. प्रकाशक तिच्या संथपणावर वैतागतात, पण काम दुसऱ्या कोणाला देत नाहीत. मागच्या महिन्यात तिने मला एक धडा तपासायला दिला, उत्तरं ताडून बघायला. तपासणाऱ्याचं नाव शेवटच्या पानावर छापतात, म्हणाली. मी दोन दिवस लावून एकूण एक उदाहरण सोडवलं, तेव्हा कुठे नाव लिहिलं.