लाल रेघेचा ग्लास

चाकणच्या आमच्या कंपनीत तो तपासणीला असतो. नापास पार्टवर लाल मार्करनं रेघ ओढताना हमखास "अरेरे" म्हणतो, जणू पार्टलाच लागलंय.

यंदाच्या मेडिकलमध्ये त्याच्या रक्तात अँटिजेन सापडलं, म्हणजे हिपॅटायटिस बीची खूण. दुसऱ्याच दिवशी त्यानं कॅन्टीनमधला एक ग्लास आपल्यापुरता ठरवला आणि त्यावर तशीच लाल रेघ ओढली.

"राव, डॉक्टर म्हणाले ना, हे रक्तातून पसरतं, चहाच्या ग्लासातून नाही," मी म्हटलं.

"व्हय. पण तुमच्या घरी लेकरं हायेत."

काल तो चहाला आला, तर फळीवरच्या सगळ्याच ग्लासांवर लाल रेघा. आपला कुठला ते शोधत बराच वेळ उभा राहिला. मग "अरेरे" म्हणाला आणि हाताला लागला तो पुढे केला.