जूनमधली परीक्षा

“पेपरात लिवलंस, व्हय. आता सांग,” असं म्हणत माझे एक सहकारी शिक्षक जुन्या विद्यार्थ्यांचा रस्ता अडवायचे. असा माणूस तुमच्याही शाळेत असेल, तर तुम्हाला माझी सहानुभूती आहे.

निपाणीजवळच्या एका शाळेत आम्ही दोघं विज्ञान शिकवायचो. नववीची ‘अ’ तुकडी माझी, ‘ब’ त्यांची. ते संकेश्वरहून बसने यायचे आणि बसमध्येच कुणाला तरी गाठायचे. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला विचारलं, “फ्यूज कशासाठी असतोय रं?” पोराच्या तोंडात जिलबी होती. ती गिळल्यावरही उत्तर आलं नाही. माझ्या विषयात शाळेत पहिलं आलेलं पोर ते, आणि शेजारी त्याचे वडील जेवत होते.

“सर, तुमचं शिकवलेलं सुट्टीत उतरतंय,” हे त्यांनी मला सगळ्या स्टाफसमोर ऐकवलं होतं. त्यांचा स्वतःचा पोर्शन मात्र कधी वेळेत संपला नाही. मेणबत्ती आणि बरणी घेऊन एकच धडा पुन्हा पुन्हा शिकवत बसायचे. त्यावरून मुख्याध्यापकांनी झापलं, तेव्हा चिडून म्हणाले, “जूनमधी न सांगता दोन्ही तुकड्यांची परीक्षा घ्या. माझ्या पोरांस्नी आठवलं न्हाय, तर नोकरी सोडतो.”

मी लगेच हो म्हटलं. त्यांची बरीच नोकरी शिल्लक होती आणि मुलगी कॉलेजात शिकत होती, हे मला माहीत होतं.

सुट्टी संपली, परीक्षा झाली. ‘ब’ तुकडीला मेणबत्ती आठवत होती, बरणी आठवत होती, सर शिकवताना कसे हातवारे करायचे तेही आठवत होतं. बरणी उपडी घातल्यावर ज्योत का विझली, एवढंच कुणाला लिहिता आलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

रागाच्या भरात बोललेलं कुणी खरं करतं का? या गृहस्थांनी केलं. त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मी बस स्टॉपवर त्यांना गाठलं. पोरं विसरतातच, त्याचं एवढं काय मनावर घ्यायचं, असं बरंच समजावलं. ते ऐकून घेत होते. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “मग आपण हितं काय करतोय, सर?”

बस आली आणि ते गेले. पुढे त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही.

माझ्या ‘अ’ तुकडीचे पेपर त्यांच्याहून कोरे होते. त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. यंदाही दहावीच्या एसएसएलसी परीक्षेत माझ्या विषयात सगळी पोरं पास झाली आणि शाळेनं माझा सत्कार केला. गळ्यात हार पडताना मला त्या माणसाचा पुन्हा सडकून राग आला.