डाव्या हाताची दोन बोटं

पन्नाशीत मी स्कूटर शिकले आणि मालवणहून रोज तिच्यावरूनच शाळेत शिकवायला जाऊ लागले. सकाळी दगडी गडग्यांमधल्या चढणीवर समोरून एक मासेवाला मोटारसायकलवर यायचा. मागे रिकामा क्रेट, हँडलला रबरी भोंपू. बंदरावर मासे भरायला निघालेला असायचा. समोरच्या प्रत्येक दुचाकीवाल्याला तो मान न हलवता डाव्या हाताची दोन बोटं उचलून दाखवायचा. पोस्टमनला, दूधवाल्याला, बुलेटवरच्या अनोळखी पर्यटकांनासुद्धा. मला मात्र कधीच नाही. बाई म्हणून असेल, असं समजून मी धुसफुसतच शाळेत पोचायचे.

एकदा पेट्रोल पंपावर तो नेमका माझ्यापुढे उभा होता. मी विचारलंच, "सगळ्यांना हात करता, मग मला का नाही?"

त्याने माझ्याकडे न बघता माझ्या स्कूटरकडे बघितलं. "बाय, मी हात केलो काय तुमी पण करतलास. हँडल सुटला काय थेट गडग्यार आपटतलास. तुमी पडूचास नाय असा माका वाटात, त्या दिवशी करतलंय."

मला भयंकर राग आला. त्या रागात मी शाळा सुटल्यावर मैदानात एका हाताने स्कूटर चालवायला शिकले. शिपाई व्हरांड्यातून बघून हसायचा.

आंब्यांना मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. चढ संपतो तिथे समोरून त्याची दोन बोटं वर गेली. मी दोन बोटं कसली, अख्खा हात वर केला. स्कूटर सुतासारखी सरळ गेली. गावात गिऱ्हाइकांसाठीच वाजणारा त्याचा भोंपू मागे पार उतार संपेपर्यंत वाजत होता.