‘अहो’ची दोन वर्षं

मैत्रिणींनो, आठवतंय? कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत सिस्टर जवळ आल्या की आपण इंग्रजीत बोलायचो आणि त्या वळल्या की लगेच ‘अगं, ऐक ना’ सुरू!

आज दुपारी लेकीबरोबर एक अमेरिकन मालिका पाहिली. मोठ्या शहरात राहणाऱ्या कृष्णवर्णीय मैत्रिणींची. नोकरी, घरभाडं, फसलेली प्रेमं, आणि तरी पोट धरून हसणं. किती खरं लिहिलंय! त्यातल्या दोघी कडाडून भांडतात. मग एक दिवस एक जण दारात येऊन नुसतं ‘गर्ल…’ म्हणते आणि भांडण संपतं.

“म्हणजे काय गं?” मी लेकीला विचारलं.

“ममा, इट्स लाइक युअर ‘अगं’.”

अल ऐनला राहणारी नीलिमा ही इथे एमिरातीत आल्यावरची माझी पहिली मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी आमचं वाजलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना ‘अहो’ म्हणतो.

फोन लावला. “अगं…” एवढंच म्हटलं.

पलीकडून नीलिमा म्हणाली, “दोन वर्षं लागली होय गं तुला? खलास आता. शनिवारी येते.”

शनिवारी कोलंबीभात करतेय. मोठ्या कोलंब्या नीलिमाला, बारक्या आम्हाला. मालिकेचं नाव विचारेल तिला देईन. भांडणाचं कारण मात्र कुणालाही मिळणार नाही.